आपल्या भागातल्या सेवांना लोकांनीच गुण द्यायचे, ते कसे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाणी, दवाखाना, शाळा, बस, कचरा, रस्त्यावरचे दिवे, वाचनालय. या सेवा नीट चालतात की नाही हे ठरवताना त्या रोज वापरणाऱ्या माणसांना सोबत कसं घ्यायचं, याबद्दल बैठकांमध्ये जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात ते इथे घेतले आहेत. अशा बैठकांत मी बरीच वर्षं सतरंजीवर बसत आले आहे, त्यामुळे उत्तरांत माझी मतं डोकावतील. ती मतं म्हणूनच वाचावीत.

अभिप्राय तर आधीपासून घेतला जातोच. मग लोकांना ‘सामील करून घेणं’ म्हणजे वेगळं काय?

दवाखान्याच्या दाराशी अभिप्रायाची पेटी टांगलेली असते. तिची किल्ली कुणाकडे आहे? ती उघडते कधी? चिठ्ठी वाचून काय केलं, हे चिठ्ठी टाकणाऱ्याला कोण कळवतं? या तिन्हींची उत्तरं लोकांना ठाऊक नसतील तर तो नुसता अभिप्राय झाला.

अभिप्रायात प्रश्न कार्यालय ठरवतं आणि उत्तरं लोक देतात. मूल्यमापनात लोक खरोखर सामील असतात तेव्हा काय विचारायचं, ‘चांगलं’ कशाला म्हणायचं, हाती आलेल्या माहितीचा अर्थ काय लावायचा आणि पुढे काय करायचं, या चारही ठिकाणी त्यांचा शब्द चालतो. चारही ठिकाणी जमणार नसेल तर पहिल्या आणि शेवटच्या ठिकाणी तरी तो चालायलाच हवा. प्रत्यक्षात नेमकं उलटं घडतं. प्रश्न आधीच छापून आलेले असतात, निष्कर्ष नंतर कुठेतरी वरच्या मजल्यावर निघतात आणि लोकांना बोलावतात ते मधल्या वेळेत, चौकटीत टिकमार्क करायला.

शेरी अर्नस्टाइन या अमेरिकी अभ्यासक बाईंनी १९६९ मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तळाशी लोकांना नुसतं वापरून घेणं आणि टोकाला नागरिकांच्या हाती सूत्रं. ‘माहिती दिली’ आणि ‘मत विचारलं’ या पायऱ्या त्यांनी मधल्या, दिखाऊ सहभागाच्या टप्प्यात टाकल्या होत्या. शिडीवर पुढे टीकाही बरीच झाली, कारण प्रत्येक कामात सगळ्यात वरची पायरी गाठायची गरज नसते. पण आपण नेमके कितव्या पायरीवर उभे आहोत हे स्वतःशी कबूल करायला ती आजही उपयोगी पडते.

लोकांना तांत्रिक गोष्टी कुठे कळतात?

काही गोष्टी कळत नाहीत आणि त्या कळायची गरजही नाही. पाण्यात जंतू आहेत का, हे प्रयोगशाळाच सांगेल. पण नळाला पाणी किती वाजता आलं, धार किती होती, टोकाच्या घरापर्यंत पोचलं का, हे प्रयोगशाळेला कधीच कळणार नाही.

‘पाणी येतं’ आणि ‘पाणी भरता येतं’ यात फरक आहे. कार्यालयाच्या नोंदीत एका वस्तीला रोज पाणी मिळत असतं, आणि ते खरंही असतं. फक्त ते पहाटे तीनला येतं, अर्धा तास येतं आणि वरच्या गल्लीतले लोक मोटार लावतात म्हणून खालच्या गल्लीत ठिबकतं. हे सगळं ज्याला माहीत आहे त्याला पाणीपुरवठ्याचा तज्ज्ञ म्हणायला माझी काही हरकत नाही.

सुरुवात कुठून करायची?

एका सेवेपासून. सगळ्या सेवांचं एकदम मूल्यमापन करायला निघालेल्यांचे अहवाल जाडजूड होतात आणि कपाटात जातात.

आणि अशा सेवेपासून, जिच्यात काहीतरी बदलण्याचा अधिकार स्थानिक पातळीवर कुणाच्या तरी हातात आहे. औषधांचा पुरवठा राज्याच्या गोदामातून होत असेल तर दवाखान्यातल्या परिचारिकेला समोर बसवून ‘औषधं का नाहीत’ म्हणून झापण्यात अर्थ नसतो. खिडकी किती वाजता उघडायची, बाक कुठे ठेवायचा, वृद्धांची रांग वेगळी करायची का, हे मात्र तिथल्या तिथे ठरू शकतं. पहिल्या फेरीत अशी दोन-तीन छोटी कामं सुटली की दुसऱ्या फेरीला लोक येतात. नाही सुटली तर येत नाहीत, आणि त्यात त्यांची काही चूक नसते.

लोकांना बोलावण्याआधी एक काम उरकून घ्या. त्या सेवेने काय द्यायचं कबूल केलं आहे ते लेखी मिळवा: वेळापत्रक, मंजूर पदं, मोफत काय, सशुल्क काय. ब्रिटनमध्ये १९९१ साली जॉन मेजर यांच्या सरकारने नागरिकांची सनद, म्हणजे सेवेने काय द्यायचं याची लेखी कबुली, आणली आणि तिथून ही कल्पना अनेक देशांत गेली. सनद बहुतेक कार्यालयांत भिंतीवर लावलेली सापडते, कधी कधी कपाटामागे. ती काढा, फोटो घ्या, मोठ्या अक्षरांत लिहून बैठकीत लावा. काय मिळायला हवं हे माहीत नसेल तर जे मिळतं ते लोकांना ठीकच वाटतं.

पद्धती कोणत्या आहेत? आम्ही कोणती निवडावी?

नावं बरीच आहेत, मुळात तीन घराणी धरून चाला.

पहिलं, नागरिकांचं प्रगतिपुस्तक. यात मोठ्या वस्तीतली घरं शास्त्रशुद्ध नमुना पद्धतीने निवडून एकेका सेवेबद्दल ठरावीक प्रश्न विचारतात आणि खात्यांना शेजारीशेजारी ठेवून निकाल जाहीर करतात. याचं गाजलेलं उदाहरण बंगळूरचं. सॅम्युएल पॉल यांच्या पुढाकाराने तिथलं पहिलं प्रगतिपुस्तक १९९४ मध्ये आलं, मग १९९९ आणि २००३ मध्ये पुन्हा. लोकांना नुसतं ‘समाधानी आहात का’ एवढंच विचारलं नव्हतं. कर्मचारी कसे वागले, खेपा किती झाल्या, काम झालं का, वर पैसे द्यावे लागले का, हेही विचारलं. पहिल्या फेरीचे निकाल खात्यांना लाज वाटावी असे होते. दुसऱ्या फेरीत सुधारणा जेमतेम दिसली, तिसऱ्यात ठळक. ती सगळी प्रगतिपुस्तकामुळेच झाली असं मात्र म्हणता येत नाही, कारण मधल्या काळात शहराच्या कारभारात इतरही बरंच घडलं. तरी एकच मोजपट्टी तीनदा लावल्यामुळे फरक दिसला, हे त्याचं श्रेय.

दुसरं, सामुदायिक गुणपत्रक. केअर या आंतरराष्ट्रीय मदतसंस्थेने २००२ मध्ये मलावीत आरोग्यसेवेसाठी ही पद्धत बसवली. यात सर्वेक्षण नाही, बैठका आहेत. लोक स्वतःच निकष ठरवतात आणि गुण देतात, कर्मचारी आपल्या बाजूने स्वतःला गुण देतात, मग दोघं समोरासमोर बसून पुढच्या कामाचा कागद करतात.

तिसरं, सामाजिक अंकेक्षण. खर्चाची कागदपत्रं उघडायची आणि प्रत्यक्षाशी ताडून पाहायची. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर १९९४ मध्ये पाली जिल्ह्यातल्या कोट किराना गावात पहिली जनसुनवाई घेतली. तिथे कामांचे हजेरीपट आणि बिलं लोकांसमोर मोठ्याने वाचली गेली. कागदावर काय आहे आणि जमिनीवर काय आहे, हे ऐकणारे जागच्या जागी सांगू लागले. माहितीच्या अधिकाराच्या चळवळीला बळ मिळालं ते अशा सुनवाण्यांतून. पुढे २००५ च्या रोजगार हमी कायद्यात कलम १७ नुसार ग्रामसभेकडून सामाजिक अंकेक्षण ही तरतूदच आली, आणि २०१७ मध्ये मेघालयाने त्यासाठी स्वतंत्र कायदा केला.

निवड कशी करायची? वस्ती मोठी असेल, लोक एकमेकांना ओळखत नसतील, खात्यांची तुलना हवी असेल तर प्रगतिपुस्तक. एक दवाखाना, एक शाळा, एक वाचनालय असेल आणि दोन्ही बाजू एकमेकांना नावानिशी ओळखत असतील तर गुणपत्रक. पैशाचा संशय असेल तर थेट अंकेक्षण. संशय पैशाचा असताना गुणपत्रकाची गोडगोड बैठक घेणं म्हणजे जखम एकीकडे आणि पट्टी दुसरीकडे.

गुणपत्रकाची बैठक प्रत्यक्षात कशी चालते?

एका बैठकीचंच सांगते. विषय दवाखाना. बायकांचा गट वेगळा, पुरुषांचा वेगळा, तरुणांचा वेगळा, कारण एकत्र बसवलं की बोलणारे कोण असतात हे सगळ्यांना माहीत आहे. जमिनीवर मोठा कागद पसरलेला, बाजूला खड्यांची वाटी. आधी नुसतं बोलणं: दवाखान्यात गेल्यावर काय काय होतं? त्या बोलण्यातून पाच निकष निघाले आणि ते त्यांच्याच शब्दांत लिहिले. ‘रुग्णस्नेही वर्तन’ असं काही लिहिलं नाही. ‘नीट बोलतात’ असं लिहिलं.

मग गुण. एक खडा म्हणजे अगदी वाईट, पाच म्हणजे उत्तम. ‘नीट बोलतात’पाशी एका बाईंनी चार खडे ठेवले. पलीकडच्या बाईंनी हात पुढे करून त्यातले दोन उचलले. “डॉक्टरीणबाई बोलतात गं नीट. पण खिडकीवरचा? नाव सांगितलं की वर बघतसुद्धा नाही.” पहिल्या बाई म्हणाल्या, “तुझं नाव विचारतो तरी. मला तर ‘ए मावशी, पुढे’.” कुणीतरी हसलं. मग लक्षात आलं की निकषच चुकलाय. तो मोडून दोन केले: ‘तपासताना नीट बोलतात’ आणि ‘खिडकीवर नीट बोलतात’. पहिल्याला चार, दुसऱ्याला एक.

आकडा बाहेर आला तेव्हा खरं काम आधीच झालेलं होतं. म्हणून अशा बैठकीत गुण लिहिणाऱ्याइतकाच महत्त्वाचा असतो तो ‘का’ लिहिणारा. दोन माणसं वेगवेगळी हवीत, एकाला दोन्ही जमत नाही. ‘खिडकीवर १’ एवढंच लिहून आणलेला कागद दवाखान्यात कुणी पाहिला तर त्याला राग येईल. त्या दोन वाक्यांसकट पाहिला तर काय करायचं ते कळेल.

याच दरम्यान दवाखान्यातले कर्मचारी स्वतःला गुण देतात. इथे नेहमी काहीतरी अनपेक्षित निघतं. त्या दवाखान्यात खिडकीवरच्या माणसाने स्वतःच्या वागणुकीला दोन गुण दिले. कारण लिहिलं होतं: नोंदणी, केसपेपर आणि औषधवाटप तिन्ही मीच करतो. मंजूर पदांचा कागद काढला तर त्यावर तीन पदं होती आणि दोन रिकामी. समोरासमोरच्या बैठकीत ज्या बाईंनी खडे उचलले होते त्यांनीच ‘पदं भरा’ या मागणीवर पहिली सही केली. त्याला मात्र हेही सांगितलं, “माणसं कमी आहेत, कबूल. ‘ताई’ म्हणायला माणसं लागत नाहीत.”

किती लोक हवेत?

सर्वेक्षण असेल तर संख्या आणि निवड दोन्ही महत्त्वाच्या. त्यासाठी संख्याशास्त्र जाणणाऱ्याला सुरुवातीलाच बोलवा, आकडे गोळा झाल्यावर नको. बैठक असेल तर दहा-पंधरा जणांचा गट बरा. तीस झाले की त्याची सभा होते आणि सभेत भाषणं होतात.

नेहमीची तीच माणसं येतात. बाकीच्यांना आणायचं कसं?

आणायचं नसतं, जायचं असतं. मूल्यमापनाची वेळ आणि जागा ज्यांनी ठरवली त्यांच्या सोयीची माणसं तिथे येतात. सकाळी अकराला कार्यालयात बैठक ठेवली तर कामावर जाणारा एकही माणूस येणार नाही, आणि नंतर अहवालात ‘नागरिकांचा प्रतिसाद अल्प’ असं वाक्य पडेल. ते वाक्य वाचलं की मी पहिल्यांदा बैठकीची वेळ शोधते.

सर्वांत जास्त माहिती असते ती सेवा वापरणं सोडून दिलेल्यांकडे. ज्याने कंटाळून बसने जाणं बंद केलं, जिने अपमान झाला म्हणून दवाखान्याची पायरी सोडली, ज्याच्या चाकाच्या खुर्चीला वाचनालयाचा जिना चढता येत नाही. दाराशी उभं राहून बाहेर पडणाऱ्यांना विचारलं तर यातलं कुणीच भेटणार नाही. आत येणारे समाधानी आहेत म्हणून सेवा चांगली, हा निष्कर्ष काढणं किती सोपं आहे बघा.

म्हणून यादी करा, तीही नावांची नव्हे, प्रकारांची: ही सेवा कुणाकुणासाठी आहे आणि त्यातलं कोण आजवर बोललेलं नाही. मग त्यांच्या वेळेला, त्यांच्या जागी जा. लहान मुलं सांभाळायला कुणीतरी सोबत न्या. याचा फरक किती पडतो हे एकदा करून पाहिल्याशिवाय पटत नाही. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी रंग वापरता येतात. महाराष्ट्रात २००७ पासून आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली, तिथल्या गुणपत्रकांत हिरवा, पिवळा, लाल असे रंग होते. भिंतीवर तो तक्ता लावला की अक्षरओळख नसलेल्या आजीलाही लाल रकाने मोजता येतात.

लोक खरं बोलतात का?

पहिल्यांदा नाही. भीड पडते. तोंडावर ‘वाईट’ म्हणणं जड जातं, विशेषतः विचारणारा अधिकाऱ्यासारखा दिसत असेल, किंवा त्याच सेवेत काम करणारा असेल तर. आशाताई किंवा शाळेतले गुरुजीच प्रश्नावली घेऊन आले तर त्यांच्याविषयी कोण काय सांगणार? उलट दिशेचंही होतं: भरपाई मिळणार आहे अशी हवा पसरली की सगळंच वाईट निघतं.

भिडेवर उपाय प्रश्नात असतो. ‘समाधानी आहात का?’ हा सर्वांत कच्चा प्रश्न. त्याऐवजी घडलेलं विचारा. शेवटचं कधी गेला होतात? किती वाजता पोचलात, आत कधी घेतलं? काय हातात मिळालं, काय बाहेरून आणायला सांगितलं? माणसं मत द्यायला कचरतात, हकिगत सांगायला कचरत नाहीत. एका वस्तीत आम्ही प्रश्नावली बाजूला ठेवून पाच जणींना एकेक छोटी वही दिली. दवाखान्यात पोचल्याची वेळ, आत गेल्याची वेळ, बस्स. महिनाभराने त्या वह्या शेजारीशेजारी उघडल्या तेव्हा ‘गर्दी असते हो’ या वाक्याला आकार आला. उशीर होत होता तो आठवड्यातल्या एकाच दिवशी, आणि त्या दिवशी डॉक्टर दुसऱ्या केंद्रावर पाठवले जात होते.

नाव लिहून घ्यायचं की नाही? सेवा देणारा आणि घेणारा रोज समोरासमोर येत असतील तर घेऊ नका. आणि ‘नाव गुप्त राहील’ असं सांगण्याआधी विचार करा. पंधरा घरांच्या वस्तीत ‘एका विधवा महिलेने सांगितले’ असं लिहिलं की नाव लिहिल्यातच जमा.

कर्मचारी बिथरतात. त्यांना वाटतं, आपल्यावर खटला भरलाय.

त्यांना तसं वाटणं साहजिक आहे, आणि पुष्कळदा तो भरलेलाही असतो. समोरासमोरच्या बैठकीत पन्नास माणसं एका परिचारिकेला घेरून उभी आहेत हे चित्र मी पाहिलं आहे. त्यातून काहीच निघालं नाही, बाईंनी बदली मागून घेतली आणि पद वर्षभर रिकामं राहिलं. म्हणजे मूल्यमापनाने सेवा आणखी बिघडवली.

म्हणून आधी त्यांची स्वतंत्र बैठक घ्या. त्यांच्या अडचणी त्यांच्याच निकषांत लिहा. समोरासमोरच्या बैठकीत बोलायचं ते सेवेबद्दल, माणसाच्या घराण्याबद्दल नाही, हे सुरुवातीलाच ठरवा आणि बैठक चालवायला दोन्ही बाजूंना चालेल असा माणूस बसवा. वरिष्ठांना बोलवा, कारण वरच्या पातळीवरच्या प्रश्नांचं खापर खालच्याच्या डोक्यावर फुटता कामा नये. लाच, मारहाण, छेडछाड असं काही निघालं तर ते या बैठकीचं काम नाही, त्यासाठी तक्रारीची रीतसर वाट धरा. तिथे गुण देत बसू नका.

यात राजकारण शिरतं, त्याचं काय?

शिरतं. निवडणूक तोंडावर असताना पहिली फेरी घेऊ नका. बाकीच्या वेळी सगळ्या बाजूंच्या लोकप्रतिनिधींना एकाच दिवशी, एकच कागद द्या.

सहभागी लोकांना पैसे द्यावेत का?

मत देण्यासाठी नाही. काम करण्यासाठी जरूर. घरोघरी जाऊन वह्या भरणारी, तक्ते बनवणारी, कागदपत्रं ताडणारी माणसं दिवस मोडून काम करतात, त्याला मानधन हवं. बाहेरून आलेल्या सल्लागाराला फी आणि गावातल्या मुलीला प्रमाणपत्र, ही वाटणी मला आजवर कुणी पटवून देऊ शकलेलं नाही.

मोबाइल ॲप किंवा ऑनलाइन फॉर्म पुरेसा नाही का?

खड्डा, बंद दिवा, फुटलेली जलवाहिनी अशा एकेका गोष्टीसाठी उत्तम. ब्रिटनमधलं ‘फिक्समायस्ट्रीट’ २००७ पासून हेच करत आलं आहे: नकाशावर जागा दाखवा, तक्रार योग्य कार्यालयाकडे जाते आणि सगळ्यांना दिसते. ती सगळ्यांना दिसते हे त्यातलं मर्म.

पण तक्रारींची बेरीज म्हणजे मूल्यमापन नव्हे. जिथून तक्रारी जास्त येतात तिथे सेवा सर्वांत वाईट आहे असं नसतं. तिथे तक्रार करण्याची सवय आणि विश्वास जास्त आहे, एवढंच कळतं. ॲपवरच्या ठिपक्यांवर विसंबून कामं काढली तर ज्या वस्तीतून एकही ठिपका आला नाही ती यादीत शेवटी जाते.

कागदपत्रं मिळत नसतील तर?

माहितीच्या अधिकारात अर्ज करा आणि तोवर जे डोळ्यांना दिसतं ते मोजत राहा.

याने खरंच काही फरक पडतो का? पुरावा आहे?

आहे, आणि तो मिश्र आहे. एकच बाजू सांगणाऱ्या सादरीकरणापासून सावध राहा.

युगांडात मार्टिना ब्योर्कमन आणि याकोब स्वेनसन या अर्थशास्त्रज्ञांनी ५० ठिकाणी प्रयोग केला. निम्म्या ठिकाणी लोकांना त्यांच्या आरोग्य केंद्राची माहिती देऊन केंद्राच्या कर्मचाऱ्यांबरोबर बैठका घडवल्या, निम्म्या ठिकाणी नाही. वर्षभराने बैठका झालेल्या भागात पाच वर्षांखालच्या मुलांचे मृत्यू ३३ टक्क्यांनी कमी असल्याचं त्यांनी २००९ मध्ये मांडलं. हा आकडा जगभर फिरला. पुढे त्याच देशात ३७६ आरोग्य केंद्रांवर तशाच धर्तीचा मोठा प्रयोग झाला. त्यात उपचारांचा दर्जा आणि रुग्णांचं समाधान काहीसं सुधारलं, पण बालमृत्यूंत फरक आढळला नाही. हा दुसरा निकाल फारसा फिरला नाही.

इंडोनेशियातला बेंजामिन ओल्केन यांचा २००७ चा अभ्यास मला सर्वांत शिकवून गेला. ६०८ गावांत रस्ते बांधले जात होते. काही गावांत सरकारी लेखापरीक्षण नक्की होणार असं आधीच सांगितलं, काही गावांत लोकांना हिशेबाच्या बैठकांची आमंत्रणं वाटली. परीक्षणाच्या खात्रीमुळे हिशेबातून गायब होणारी रक्कम ८ टक्के-अंकांनी, म्हणजे खर्चाच्या दर शंभर रुपयांमागे आठ रुपयांनी, घटली. आमंत्रणांमुळे बैठकांना गर्दी वाढली, मजुरीतली गळती घटली, पण साहित्यातली घटली नाही, आणि एकूण परिणाम जवळपास शून्य. कारण उघड आहे. आपली मजुरी किती बुडाली हे प्रत्येकाला कळतं. रस्त्याखाली खडी किती जाडीची पडली हे खणल्याशिवाय कुणाला दिसणार? जे लोकांच्या अंगाला लागतं ते लोक नीट राखतात. जे गाडलेलं असतं त्याला अभियंता आणि लेखापरीक्षकच लागतो. एकाने दुसऱ्याची जागा घ्यायची असं ठरवलं की दोन्ही फसतात.

उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि सहकाऱ्यांनी ग्राम शिक्षण समित्यांचा अभ्यास केला, तेव्हा बहुतेक पालकांना अशी समिती असते हेच माहीत नव्हतं, आणि समितीतल्या काही सदस्यांनाही आपण सदस्य आहोत याचा पत्ता नव्हता. माहिती दिली, बैठका घेतल्या, मुलांची चाचणी कशी घ्यायची हे शिकवलं. तरी सरकारी शाळेच्या कारभारात फरक पडला नाही. फरक पडला तो गावातल्या तरुणांनी स्वतः वाचनवर्ग घेतले तिथल्या मुलांच्या वाचनात. लोक काहीच करू इच्छित नाहीत असा याचा अर्थ नाही. समितीच्या वाटेने काही होईल यावर त्यांचा विश्वास नव्हता, असा मी तरी लावते.

निष्कर्ष आधी कुणाला दाखवायचे?

ज्यांनी माहिती दिली त्यांना. छापण्याआधी, आणि त्यांच्या भाषेत. ‘हे तुमचं म्हणणं आहे, बरोबर मांडलंय का?’ असं विचारलं की निदान दोन-तीन ठिकाणी दुरुस्ती निघतेच. एकदा आम्ही ‘बसथांब्यावर छप्पर हवे’ ही पहिली मागणी म्हणून मांडली, कारण ती सर्वांत जास्त वेळा आली होती. वाचून दाखवल्यावर मागून एकजण म्हणाला, “छप्पर नको हो. बस वेळेवर आली तर छपराखाली उभं कोण राहणार?” क्रम बदलावा लागला.

नंतर प्रत्येक मागणीपुढे तीन रकाने: कोण करणार, कधीपर्यंत, झालं का. ‘होऊ शकत नाही’ हेही उत्तर चालतं, कारणासकट. हा कागद वेबसाइटवर टाकून भागत नाही. सेवा जिथे मिळते तिथल्या भिंतीवर तो हवा, रांगेतल्या माणसाच्या डोळ्यांसमोर.

पुन्हा कधी करायचं?

गुणपत्रक सहा महिन्यांनी, सर्वेक्षण दोन-तीन वर्षांनी. पहिल्या फेरीतले निकष तसेच ठेवा. नवे जोडले तर वेगळ्या तक्त्यात लिहा, नाहीतर तुलना हातची जाते.

दुसऱ्या फेरीत गुण कमी आले. म्हणजे सेवा बिघडली?

घाई करू नका. आधी पाहा, बसलं कोण होतं. वर सांगितलेल्या दवाखान्यात सहा महिन्यांनी ‘तपासताना नीट बोलतात’ चारवरून तीनवर आला. डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला. मग बायकांना विचारलं तेव्हा कळलं की या खेपेला गटात चौघीजणी नव्या होत्या. खिडकीवरचा त्रास कमी झाला म्हणून त्या दीड वर्षाने पुन्हा दवाखान्यात येऊ लागल्या होत्या. त्यांची बोली वेगळी, बाईंची वेगळी, आणि सांगितलेलं औषध कधी घ्यायचं हे त्यांना नीट उमजत नव्हतं. पहिल्या फेरीत ही अडचण दिसली नव्हती, कारण त्या चौघी तेव्हा खोलीत नव्हत्या.

तक्त्यावर आम्ही ४ आणि ३ दोन्ही आकडे ठेवले आणि प्रत्येकाखाली त्या दिवशी गटात कोण होतं ते लिहिलं. बाईंनी दुसऱ्या दिवशी त्या चौघींपैकी एकीला बोलावून सकाळ, दुपार, रात्र यांची चित्रं काढून घेतली. औषधाच्या पाकिटांवर आता ती असतात.